आटोपशीर समायोजन नियंत्रणे (व्हिडिओ संपादन)

व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उजेड, रंग, आकार, आवाज कमीजास्त करायला स्लायडर, आकडे, नॉब आणि रंगांची व्हील दिलेली असतात. ती थोड्या जागेत बसवूनही हाताला नेमकी राहावीत, अशा आखणीला आटोपशीर नियंत्रणांची आखणी म्हणतात. आटोपशीर म्हणजे नुसते बारीक नव्हे. दिसायला जागा थोडी आणि हाताला फिरायला मोकळी, हे ज्यात साधले ते नियंत्रण आटोपशीर. बाकीची नुसती चेपलेली.

जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या शूटिंगचे 'मिक्सिंग' म्हणजे संपादन चालते, तिथे हा फरक लगेच कळतो. वैशाखातली दुपार, मांडवाच्या पिवळ्या-केशरी कापडातून गाळून आलेला उजेड आणि त्यात हळदीने माखलेला नवरदेव. कॅमेऱ्याला पिवळ्याशिवाय काही सापडत नाही. गिऱ्हाईक मागे खुर्चीत बसून पडद्याकडे बघते आणि म्हणते, "हयद जास्त पिवयी दिखी ऱ्हायनी." संपादकाला आता ह्यू, म्हणजे रंगचक्रावर अंशांत मोजली जाणारी रंगाची छटा, किंचित सरकवायचा आहे. किंचित म्हणजे दोन-तीन अंश, कारण एका बाजूला जास्त गेला तर हळद हिरवट होते आणि दुसऱ्या बाजूला गेला तर नवरदेव ऊन लागल्यासारखा लाल दिसतो.

समोरचा लॅपटॉप 1366×768 पिक्सेलचा आहे असे धरू. उजवीकडच्या पॅनेलला 300 पिक्सेल रुंदी मिळाली. त्यातले 100 नावाला, 50 आकड्याला, 50 कीफ्रेमच्या (त्या क्षणाची किंमत नोंदवण्याच्या) हिऱ्याला आणि रीसेटच्या खुणेला गेले. स्लायडरच्या वाट्याला उरले 100. ह्यूची पट्टी उणे 180 ते अधिक 180 अशी 360 अंशांची असेल, तर माऊस एक पिक्सेल हलला की रंग 3.6 अंश उडी मारतो. हवे असलेले दोन अंश त्या पट्टीवर नाहीतच. हात कितीही स्थिर असला तरी उपयोग नाही. हेच पॅनेल 27 इंची पडद्यावर बसून आखणाऱ्याला ही अडचण दिसतही नाही, आणि माझ्या मते निम्म्या वाईट नियंत्रणांचे मूळ तिथेच असते.

यावरचा सर्वांत चांगला उपाय दिसायला अगदी साधा आहे: पट्टी काढून टाकायची आणि आकडाच धरून डावी-उजवीकडे ओढू द्यायचा. आकडा 50 पिक्सेलच अडवतो, पण एकदा पकडला की हाताला सगळा पडदा मोकळा. 'आफ्टर इफेक्ट्स' या सॉफ्टवेअरमध्ये असा आकडा ओढताना शिफ्ट दाबली तर वेग दहापट होतो, कंट्रोल दाबली तर दहावा हिस्सा. 'ब्लेंडर' या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ओढताना पडद्याची कड आडवी येत नाही, त्यामुळे ओढण्याला शेवटच राहत नाही. खोट एकच: नुसता आकडा बघून तो ओढता येतो हे नवख्याला कळत नाही. म्हणून त्याला वेगळा रंग, खाली रेघ किंवा माऊस वर जाताच बदलणारा बाण द्यावा लागतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये मांडलेला नियम इथे कामी येतो. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. अंतर दुप्पट केले काय किंवा लक्ष्याची रुंदी निम्मी केली काय, नियमाच्या हिशेबाने अडचण सारखीच वाढते. स्लायडरची 8 पिक्सेलची मूठ सुबक दिसते, पण दिवसातून पाचशे वेळा ती पकडणाऱ्याच्या मनगटाला विचारावे. मूठ दिसायला लहान ठेवून भोवतीची न दिसणारी जागाही पकडीत धरली की हे भागते.

पट्टीवरचे आकडे समान अंतरावर असावेत असेही नाही. उजेड 'स्टॉप'मध्ये मोजतात आणि प्रत्येक स्टॉपला तो दुप्पट होतो. आवाजाचे डेसिबलही तसेच, 6 डेसिबल उतरले की तरंगाची उंची जवळपास निम्मी. डोळा आणि कान पटीत मोजतात, तेव्हा पट्टीही पटीत हवी.

रंगाचे व्हील हा या घराण्यातला सर्वांत हुशार सदस्य. मधला एकच ठिपका कोनाने ह्यू आणि अंतराने तीव्रता सांगतो, म्हणजे दोन स्लायडरचे काम एका बोटात. 'दा विंची रिझॉल्व्ह' या सॉफ्टवेअरमध्ये लिफ्ट (गडद भाग), गॅमा (मधला), गेन (उजळ भाग) आणि ऑफसेट (सगळे चित्र) अशी चार व्हील शेजारी बसतात आणि प्रत्येकाखाली उजेडासाठी एक आडवी चकती असते. रंग सुधारण्याच्या जुन्या यंत्रांवरचे ट्रॅकबॉल आणि कड्या पाहिल्या असतील तर ही मांडणी ओळखीची वाटते. 'प्रीमियर' या संपादन-सॉफ्टवेअरने 2015 मध्ये रंगासाठी लुमेट्री पॅनेल आणले, त्यात जागा वाचवायला घडीचे विभाग आहेत: हवा तो उघडा, बाकी मिटलेले.

हाताला उत्तर लगेच मिळाले पाहिजे. सेकंदाचा दहावा भाग गेला तरी उशीर जाणवू लागतो. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 अंशांपलीकडे जातो, लॅपटॉप तापून मंदावतो, चित्र मागे पडते आणि संपादक रंग गरजेपेक्षा पुढे ओढून बसतो. म्हणून ओढताना कमी रिझोल्यूशनचे चित्र दाखवावे, सोडल्यावर पूर्ण. अख्खे ओढणे 'अनडू'मध्ये एकच पायरी धरावे, नाहीतर परतायला चाळीस वेळा कळ दाबावी लागते. नावावर डबल क्लिक केले की मूळ किंमत, ही सोय रीसेटच्या बटणाची जागाही वाचवते.

मोबाइलवर बोटच आकडा झाकते, म्हणून किंमत बोटाच्या वर दाखवतात. ॲपल तिथे 44 पॉइंटचे लक्ष्य सुचवते, अँड्रॉइड 48 डीपीचे (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरची मापे).

मराठीत नावे लिहायची तर ओळीची उंची वाढवावी लागते. 20 पिक्सेलच्या ओळीत वेलांटी वर कापली जाते, उकार खाली. 'संपृक्तता' (रंगाची तीव्रता, इंग्रजीत सॅच्युरेशन) हा शब्द तर 11 पिक्सेलच्या अक्षरात वाचताच येत नाही. 'सॅच्युरेशन' लांब असले तरी रोज तोंडी असल्यामुळे ओझरते दिसले तरी ओळखू येते. अंकांसाठी मात्र सारख्या रुंदीचा फॉन्ट हवा, नाहीतर आकडा ओढताना शेजारचे सगळे थरथरते.