तिखटपणा

तिखटपणा : मिरची, मिरी, आले, मोहरी यांसारखे पदार्थ खाल्ल्यावर तोंडात, नाकात व घशात होणारी आग, चरचर किंवा झणका यांची संवेदना. बोलताना आपण तिला चव म्हणतो. शरीरक्रियाविज्ञान मात्र गोड, आंबट, खारट, कडू व उमामी (मांसरसासारखी रुची) या पाच मूळ रुचींत तिला धरत नाही. रुचीची वार्ता जिभेवरील रुचिकलिकांकडून सातव्या, नवव्या व दहाव्या मस्तिष्क-तंत्रिकांमार्फत मेंदूकडे जाते. तिखटाची वार्ता तोंडातून व नाकातून मुख्यतः पाचव्या, म्हणजे ट्रायजेमिनल तंत्रिकेमार्फत जाते, आणि चेहऱ्यावरील स्पर्श, तापमान व वेदना यांचाही मार्ग तोच आहे. मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला तर आग होते, साखरेचा लागला तर गोडी कळत नाही, त्याचे कारण हेच.

व्युत्पत्ती व संज्ञांचा घोळ : ‘तिखट’ हा शब्द संस्कृत तीक्ष्ण, प्राकृत तिक्ख यांवरून आला असे सामान्यतः मानतात. ‘तिखट कान’, ‘तिखट नजर’ या प्रयोगांत धारदारपणाचा मूळ अर्थ टिकून आहे. ‘भाजीत तिखट कमी पडले’ यातील तिखट म्हणजे मिरचीची पूड. हा अर्थ मिरची आल्यानंतरचाच असला पाहिजे.

षड्रसांच्या यादीतील ‘कटु’ व ‘तिक्त’ या संज्ञांनी मात्र मराठी वाचकांना बराच चकवा दिला आहे. संस्कृत वैद्यकात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. सुंठ, मिरी व पिंपळी या तीन तिखट द्रव्यांना ‘त्रिकटु’ म्हणतात. कडुनिंब व कारले तिक्त गणात येतात. मराठी ‘कडू’ हा शब्द निघाला कटु यापासून, पण त्याने अर्थ घेतला तिक्ताचा. हिंदीत मोहरीच्या तेलाला ‘कडुआ तेल’ म्हणतात, तेथे जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘कटु रस वर्ज्य’ हे पथ्य वाचून कारले सोडायचे आणि ठेचा चालू ठेवायचा, अशी गफलत त्यामुळे सहज होऊ शकते.

प्राचीन मते : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात रस किती, यावर ऋषींचा वाद आहे. एकापासून आठपर्यंत संख्या सुचवल्या जातात, कांकायन तर रस असंख्य म्हणतो. शेवटी या संहितेतील उपदेशक गुरू आत्रेय सहावर निर्णय देतात. क्षाराला रस मानण्यास त्यांनी घेतलेल्या आक्षेपांपैकी एक असा की, क्षार एकाहून अधिक इंद्रियांना जाणवतो, म्हणून ते द्रव्य होय, रस नव्हे. त्याच अध्यायात कटु रसाचे लक्षण दिले आहे ते असे : जिभेला लागताच तिला उद्विग्न करतो, टोचल्यासारखे करतो आणि तोंड, नाक व डोळे यांत दाह करून स्राव वाहवतो. हे वर्णन वेदनेचे आहे, आणि क्षाराला लावलेली कसोटी कटूलाही लागू पडली असती. ती लावलेली नाही. निरीक्षण अचूक आणि वर्गीकरण वेगळे, असेच येथे म्हणावे लागेल. ॲरिस्टॉटलनेही झोंबणाऱ्या रसाला रुचींतच गणले आहे.

कार्यपद्धती : अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वेदना-तंत्रिकांवरील टीआरपीव्ही१ हा ग्राही (संवेदना टिपणारे प्रथिन) ओळखला. सुमारे ४३° से. च्या वर तापमान गेले की तो उघडतो आणि पोळल्याची सूचना देतो. मिरचीतील कॅप्सायसिन त्याच ग्राहीला चिकटून तो नेहमीच्या तापमानालाच उघडते. ‘तोंड पोळले’ हे म्हणूनच नुसते अलंकारिक बोलणे नव्हे. मेंदूकडे जाणारी सूचना खरोखर भाजल्याची असते. त्यामुळे वाफाळता रस्सा जितका झणझणीत लागतो, तितका तो निवल्यावर लागत नाही. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. पुदिन्यातील मेंथॉल असाच टीआरपीएम८ हा थंडीचा ग्राही चेतवते. पक्ष्यांचा टीआरपीव्ही१ कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची सुखाने खातो.

द्रव्ये : कॅप्सायसिन मिरचीच्या आतील पांढरट शिरांत (बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या भागात) तयार होते. बियांत ते जवळजवळ नसते. शिरेला लागून असल्याने त्यांना वरून माखते इतकेच. तिखट कमी करायचे तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, शिरा खरवडाव्या लागतात. हे द्रव्य पाण्यात जेमतेम, तेलात व अल्कोहोलात सहज विरघळते आणि शिजवल्याने फारसे नष्ट होत नाही. मिसळीच्या तर्रीत रंग व झणका दोन्ही एकवटतात ते त्यामुळेच. रंगाचा तिखटपणाशी संबंध नाही. ब्याडगी रंगासाठी आणि लवंगी किंवा संकेश्वरी झणक्यासाठी, असे मिश्रण मसाल्यांत करतात.

मिऱ्यातील पायपेरिनही टीआरपीव्ही१ वरच काम करते. आले वाळताना त्यातील जिंजेरॉलचे काही प्रमाणात अधिक तीव्र शोगाओल बनते, म्हणून सुंठ आल्याहून जहाल लागते.

मोहरीची तऱ्हा निराळी. अख्ख्या दाण्यात तिखट द्रव्य नसते. दाणा भरडून पाणी घातले की सिनिग्रिन या घटकावर मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) काम करते व ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होते. ते टीआरपीए१ या दुसऱ्या ग्राहीला चेतवते आणि बाष्पनशील असल्याने जिभेपेक्षा नाकात चढते. लोणच्यासाठी मोहरी फेसताना पाणी गार घ्यावे. कढत पाण्याने विकर मरते आणि मोहरी न चढता कडवट लागते. आंबट घालायचे ते फेसून झाल्यावर. आधी घातले तर विकर मंदावते. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण झोंबत नाही, तेही विकर उष्णतेने मेल्यामुळेच.

मिरचीचे आगमन : मिरची मूळची अमेरिकेतील, मेक्सिकोत तिची लागवड काही हजार वर्षांची आहे. भारतात ती १६ व्या शतकात पोर्तुगीजांमार्फत, बहुधा गोव्यातून आली. जर्मन वनस्पतिज्ञ फुक्स याने १५४२ मध्ये तिला कालिकतची मिरी म्हटले. त्यावरून ती तेव्हाच भारतात रुजली होती असा निष्कर्ष काहींनी काढला. परंतु त्या काळी दूरच्या कोणत्याही वस्तूला ‘भारतीय’ म्हणत, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. कर्नाटकातील संतकवी पुरंदरदास यांच्या नावावरील एका कन्नड पदात हिरवी असून पिकल्यावर लाल होणाऱ्या मिरचीचे वर्णन येते. परंपरेने त्यांचे निधन १५६४ मध्ये झाले, तेव्हा पद अस्सल असल्यास प्रसार फारच वेगाने झाला असे ठरते. मात्र ही पदे दीर्घकाळ मौखिक राहिली, म्हणून केवळ त्यावर काळ ठरवणे धाडसाचे आहे. मुंबईकडील ‘गोवाई मिरची’ हे जुने नाव आगमनाची वाट सुचवते. ‘मिरची’ हा शब्द मिरीवरून पडला, कोकणीत ती ‘मिरसांग’ झाली. भगवद्गीतेत (१७.९) राजस आहारातील कटु व तीक्ष्ण पदार्थ सांगितले आहेत ते अर्थातच मिरी-पिंपळीच्या जगातले.

मापन : विल्बर स्कोव्हिल याने १९१२ मध्ये योजलेल्या पद्धतीत मिरचीचा अल्कोहोलातील अर्क साखरपाण्याने इतका पातळ करतात की चाखणाऱ्यांना झोंबणे कळेनासे होते, जितके पट पातळ केले तो आकडा म्हणजे तिखटपणा. चार-सहा घोटांनंतर जीभ बधिर होते, हा तिचा मोठा दोष. आता द्रवरूप क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) कॅप्सायसिन थेट मोजतात व दर दहा लाख भागांत त्याचे जितके भाग असतील त्या संख्येला सुमारे १६ ने गुणतात. किलोभर तिखटात १ ग्रॅम कॅप्सायसिन असेल तर आकडा १६,००० च्या आसपास येतो. ईशान्य भारतातील भूत जोलोकिया या मिरचीने १० लाखांचा आकडा ओलांडल्याची नोंद २००७ मध्ये गिनेस पुस्तकात झाली. एकाच वाणाच्या, इतकेच नव्हे तर एकाच झाडाच्या फळांतही मोठा फरक आढळतो.

उतारा : पाण्याने क्षणभर गार वाटते, पण कॅप्सायसिन धुतले जात नाही. दूध किंवा दही उपयोगी पडते, त्याचे श्रेय स्निग्धांशाइतकेच केसीन या प्रथिनालाही देतात. साय काढलेले दूधही चालते. साखरेनेही आग उतरते. हाताला आधी तेल चोळून मग साबण लावावा. घास लागोपाठ घेतल्यास आग वाढत जाते, मध्ये काही मिनिटे थांबल्यास तंत्रिका बधिर होऊन पुढचा घास सौम्य लागतो. याच बधिरतेचा उपयोग नागिणीनंतरच्या वेदनांवर ८ टक्के कॅप्सायसिनच्या पट्टीत करतात.

तिरफळ : कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारे हे फळ सिचुआन मिरीच्या प्रजातीतले. तोंडाला मुंग्या आणणारी त्याची संवेदना तिखटाहून वेगळी धरावी लागते. सिचुआन मिरीवरील प्रयोगात ओठांना सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखा भास होतो असे आढळले, म्हणजे तेथे स्पर्शाच्या तंत्रिका चेतवल्या जातात. तिरफळाची काळी बी काढून टाकतात आणि साल किंचित ठेचून आमटीला शेवटी लावतात.