पाणी देण्याआधीच पोलादाचं काय ठरून जातं?

पेरणीच्या तोंडावर वखराची पास, म्हणजे जमिनीत चालणारं पोलादी पातं, मोडली की गावात निकाल ठरलेला: "लोहारानं पाणी बरोबर दिलं नाही." कोणी तर शनिवारी लोखंड घरात आणल्याचंही काढतो. लोखंडाला वार कळत नाही, तेव्हा शनी निर्दोष. पाण्याचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. लालबुंद पोलाद पाण्यात बुडवलं की कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि कडक, ठिसूळ रचना होते. पण त्याआधी हेच पोलाद कारखान्यात एकदा रसाचं घन झालेलं असतं. तेव्हा आत जे अडकलं, ते लोहाराच्या भट्टीला दाद देत नाही.

साधारण 1500 अंश सेल्सिअसला रस गोठू लागतो, पण सगळा एकदम नाही. स्फटिक तुरीच्या झाडासारखे फांद्या फोडत वाढतात. घन लोखंडात गंधक फारसं मावत नाही, म्हणून वाढती फांदी त्याला शेजारच्या रसात लोटते. फटींमधला रस गंधकानं दाटत जातो. मँगनीज नसेल तर गंधक लोखंडाशीच जुळतं, आणि ते मिश्रण 988 अंशांपर्यंत पातळ राहतं. असं पोलाद तापवून ठोकलं की फाटतं. म्हणून रसात मँगनीज घालतात. भंडारा-नागपूरकडच्या खाणींतला माल मुख्यतः पोलादासाठीच जातो. मग फटींत मँगनीज सल्फाइडचे कण बसतात, आणि त्यांना वितळवायला 1600 अंशांहून जास्त उष्णता लागते.

हे कण किती मोठे होणार, हे फटीत रस किती वेळ टिकला यावर ठरतं. भराभर गोठलं तर फांद्या दाट, फटी अरुंद, कण बारीक आणि पुष्कळ. सावकाश गोठलं तर कण थोडे पण जाड. फांद्यांमधलं अंतर थंड होण्याच्या वेगाच्या घनमुळाच्या जवळपास व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे वेग आठपट केला तेव्हा कुठे अंतर निम्मं होतं! पाण्यानं थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्याला टेकलेली बिलेटची, म्हणजे ओतलेल्या पोलादाच्या लांब कांबीची, साल सेकंदांत गोठते, गाभ्याला मिनिटं लागतात. एकाच बिलेटची कड आणि मध्य त्यामुळे सारखे नसतात.

पुढे रोलमध्ये दाबताना मऊ सल्फाइड ताणून लांबट होतं. मोडलेल्या पासेचं तोंड उजेडात धरून बघा. जास्त तापवून पाणी दिलेली पास दाणेदार, चकचकीत तुटते. कणांच्या सुतावरून गेलेली तूट लांबट, थर सुटल्यागत दिसते.

अॅल्युमिनाच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या, कणांचा हिशेब वेगळा. ते रस गोठण्याआधीच तयार होतात. रस निवांत राहिला तर बरेचसे वर तरंगून रसावरच्या मळीत (स्लॅगमध्ये) जातात, घाई केली तर आतच अडकतात. तिथे सावकाशपणा कामाचा.

आणि गंधक सगळीकडे नकोसं असतं असंही नाही. नट-बोल्टच्या काही पोलादांत ते 0.3 टक्क्यांच्या आसपास मुद्दाम ठेवतात, म्हणजे लेथवर कीस लांब न लोंबता तुटून पडतो.