अनुदानातून बिनतारी यंत्रणा घेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून वॉकीटॉकी संच, रिपीटर, अँटेना आणि बॅटऱ्या घेणारी पोलीस कार्यालये आणि नगरपालिकांचे आपत्ती व्यवस्थापन कक्ष यांच्यासाठी हे पत्रक काढले आहे. जानेवारी उजाडला की आमच्याकडे एकाच मजकुराचे फोन येऊ लागतात : निधी आला आहे, मार्चअखेर माल हवा. माल देणे एक वेळ जमते, परंतु अनुदानाच्या अटींपैकी बऱ्याचशा पुरवठा आदेश निघण्याच्या आधीच पाळायच्या असतात.

राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय गृह मंत्रालयाची योजना १९६९-७० पासून चालत आली आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने त्यात ४,८४६ कोटी रुपयांची तरतूद केली होती. महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी आहे, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ती ९० आणि १० टक्के आहे. हा पैसा मंजूर कृती आराखड्याला बांधलेला असतो. राज्याच्या मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीतून जाऊन केंद्रीय गृह मंत्रालयाची मान्यता मिळालेल्या या आराखड्यात जी वस्तू नाही, ती कितीही गरजेची असली तरी या निधीतून घेता येत नाही. गस्तीच्या गाड्या आणि बांधकाम या दोन बाबी तर ईशान्येतील बंडखोरीग्रस्त राज्ये आणि नक्षलग्रस्त जिल्हे यांच्यापुरत्याच मान्य आहेत. गाडीत बसवायचा संच दळणवळण साधनांत मोडतो म्हणून गाडीही त्याच शीर्षाखाली बसेल, असे गृहीत धरू नये.

नगरपालिकांचा मार्ग वेगळा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने आखलेल्या आपत्ती निधीतील १० टक्के हिस्सा पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी ठेवलेला असून पूरकाळातील दळणवळण साधनांचा प्रस्ताव त्याखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत वर पाठवावा लागतो.

केंद्राचा पैसा अंशतः जरी असला तरी मेक इन इंडिया खरेदी आदेश राज्याच्या खरेदीलाही लागू होतो. मालात किमान ५० टक्के स्थानिक मूल्य (देशातच निर्माण झालेला भाग) असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात, तर २० ते ५० टक्क्यांमधला दुसऱ्या वर्गात धरला जातो. १० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीत पुरवठादाराचे स्वयंघोषणापत्र चालते, त्यापुढे लेखापरीक्षकाचा दाखला लागतो. भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील निविदाकाराला पूर्वनोंदणीची अट २३ जुलै २०२० च्या आदेशाने घातली आहे. या दोन्ही बाबींची घोषणापत्रे आम्ही निविदेबरोबर न मागताच जोडतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी बाब रेडिओ लहरींच्या परवान्याची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कोणत्या वारंवारितेवर बोलायचे, हे दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा ठरवते. अर्ज ‘सरल संचार’ या संकेतस्थळावरून करायचा असतो आणि नवा मनोरा उभारायचा असल्यास जागेची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. जुन्या ॲनालॉग यंत्रणेसोबतच डिजिटल संच वापरायचे असतील, तर दोन्ही पद्धतींत चालणारे संच मागावेत, म्हणजे बदल टप्प्याटप्प्याने करता येतो. डीएमआर (डिजिटल मोबाईल रेडिओ) पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर एकाच वेळी दोन संभाषणे चालतात, ही सोय गर्दीच्या बंदोबस्तात चांगलीच उपयोगी पडते. मात्र परवान्याविना आलेले संच कपाटातच पडून राहतात, आणि कपाटातल्या संचाचा ‘वापर झाला’ असे लिहून देण्यास कोणताही अधिकारी धजत नाही, धजूही नये.

कारण शेवटी सर्व काही उपयोगिता प्रमाणपत्रापाशी येऊन थांबते. राज्य शासनांसाठीच्या जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-सी नमुन्यात सही करणारा अधिकारी असे प्रमाणित करतो की रक्कम मंजूर हेतूसाठीच खर्च झाली, अटी पाळल्या गेल्या आणि त्याची खात्री त्याने स्वतः करून घेतली. पुढचा हप्ता या कागदावर अडतो. पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे झालेला खर्च नव्हे. त्यामुळे मार्चअखेर माल न घेता पूर्ण बिल काढून ठेवण्याची विनंती आम्ही नम्रपणे नाकारतो.

आमच्याच हातून झालेली एक चूक येथे सांगणे योग्य ठरेल. चाळीस संचांच्या एका पुरवठ्यात मालासोबतच्या चलनावर दोन अनुक्रमांकांत शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टंकला गेला. खोक्यावरील चिकटपट्टी, चलन आणि नोंदवही यांचा मेळ बसेना, आणि ग्राहकाच्या लिपिकाला लेखापरीक्षेच्या शेऱ्याला उत्तर लिहीत बसावे लागले. तेव्हापासून आम्ही क्रमांक हाताने न टंकता संचावरील बारकोडवरूनच उतरवतो. आपणही स्वीकृतीच्या वेळी प्रत्येक संच चालू करून, त्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचून मगच नोंदवहीत घ्यावा.

पुरवठा आदेशासोबत कृती आराखड्यातील त्या वस्तूच्या नोंदीची प्रत पाठवावी, म्हणजे आराखड्यात जे नाव आणि जी संख्या आहे तीच बिलावर आणि चलनावर येईल.