विदर्भातील वादळे

विदर्भातील वादळे : विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत येणारी वावटळ, वावधन, गारपीट व वीज, आणि पावसाळ्याच्या शेवटी बंगालच्या उपसागराकडून येऊन पोचणारी, जोर ओसरलेली चक्रीवादळे. बोलताना आणि बातम्यांत यांतल्या कशालाही सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हटले जाते. हा घोळ महागात पडतो, कारण वादळ किती वेळ टिकणार, त्याची खबर किती आधी मिळणार आणि माणसाने कुठे थांबायचे, हे प्रत्येक प्रकारात वेगळे असते.

वावटळ सगळ्यांत लहान. चैत्र-वैशाखात नांगरून ठेवलेले वावर तापले की जमिनीलगतची हवा उसळून फिरू लागते आणि पालापाचोळा घेऊन वर चढते. आकाश निरभ्र असते, ढगाशी तिचा संबंध नसतो. दोन-चार मिनिटांत ती विरते.

वावधन म्हणजे मेघगर्जनेसह येणारे सोसाट्याचे वादळ. उपसागराकडची दमट हवा आणि वायव्येकडची कोरडी हवा विदर्भावर एकमेकींना भिडतात, दुपारनंतर ढग उभा वाढत जातो आणि त्याचा माथा बारा ते सोळा किलोमीटरपर्यंत पोचतो. पाऊस सुरू झाला की काही थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतात. त्याने ती हवा गार आणि जड होते, ओतल्यासारखी जमिनीवर आदळते आणि बाजूंना पसरते. पावसाच्या आधी ओल्या मातीचा वास घेऊन अंगावर येणारा गार झोत तो हाच. असा एक ढग तासाभरात संपतो. तेवढ्या वेळात कवेलू (कौले) फुटतात, लग्नाचे मांडव उपटले जातात, टीन उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड टिनासकट खाली येतात. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात कडुनिंबाचे जुने झाड मंदिराच्या टिनाच्या शेडवर कोसळले आणि आडोशाला थांबलेल्यांपैकी ७ जण दगावले. वावधनात मोठ्या झाडाखालचे टिनाचे छप्पर हा आसरा नव्हे, हे गावोगाव सांगायला हवे.

दुसऱ्या दिवशी शिवारात फिरले की वादळाची जात ओळखता येते. वावधनात झाडे, विजेचे खांब आणि उभी ज्वारी एकाच अंगाला झोपलेली असतात, किंवा एका जागेपासून पंख्यासारखी बाहेर पसरलेली. टोर्नेडोने पाडलेली झाडे मात्र अरुंद पट्ट्यात उलटसुलट, पिळवटलेली सापडतात. ढगातून सोंडेसारखा जमिनीपर्यंत उतरणारा हा भोवरा भारतात मुख्यतः पूर्वेकडे आढळतो; ३१ मार्च २०२४ रोजी तो पश्चिम बंगालमध्ये जलपाईगुडीच्या परिसरात आला होता. विदर्भात तो दुर्मिळ आहे.

गारपीट त्याच उंच ढगांतून होते, पण तिचा खरा हंगाम फेब्रुवारी-मार्च. तेव्हा पाणी गोठण्याची पातळी मे महिन्यापेक्षा खाली असते आणि गार जमिनीवर येईपर्यंत वितळत नाही. ताजी गार विळ्याने चिरून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक काचेसारखा, एक दुधाळ. ढगात वर चढणाऱ्या हवेने तिला तोलून धरले असताना हे थर एकावर एक चढतात. गारांचा पट्टा अरुंद असतो. धुऱ्याच्या (बांधाच्या) एका बाजूचा हरभरा झोडपला जातो आणि पलीकडचा घाट्यांसकट उभा राहतो. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात तर एकाच झाडाचे दोनदा नुकसान होऊ शकते. या दिवसांत पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात आणि हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या आंबिया बहाराची फुले किंवा नुकतीच धरलेली फळे बागेत असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि ११ फेब्रुवारी २०१८ रोजी विदर्भ व मराठवाड्याने मोठी गारपीट सोसली. सरकारी मदतीसाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावे लागते, म्हणून पंचनामा वावरागणिक झाला तरच त्याला अर्थ आहे.

वीज जनावरांना जास्त मारते. ती झाडावर पडली की प्रवाह मुळांजवळच्या जमिनीत पसरतो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्याने हा प्रवाह एका पायातून चढून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. वावरात अडकलेल्या माणसाने झाडापासून दूर जाऊन पाय जुळवून उकिडवे बसायचे ते यासाठीच. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज किलोमीटरभर अंतरावर पडलेली असते.

चक्रीवादळ या सर्वांहून वेगळे. ते शेकडो किलोमीटर पसरते, कित्येक दिवस जगते आणि उबदार समुद्राच्या वाफेवर पोसले जाते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते. त्याची चाहूल चार-पाच दिवस आधी लागते. वावधनाचा नेमका इशारा मात्र रडार पाहून दोन-तीन तास आधीच देता येतो. नागपूरपासून कोणताही किनारा ५०० किलोमीटरहून दूर आहे. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्राची वाफ मिळेनाशी होते, वारा पडतो, पण पाऊस उरतो. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकले आणि कमी दाबाचे क्षेत्र होऊन विदर्भ-मराठवाड्यावरून पश्चिमेला गेले. २८ सप्टेंबरला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ दहागाव नाल्याच्या पुरात एसटी बस वाहून गेली. सोयाबीन सोंगणीला आले असताना अशी संततधार लागली, तर शेंगांतल्या दाण्यांना झाडावरच कोंब फुटतात.