रेड वाइन आणि हवा: केव्हा आत घ्यायची, केव्हा अडवायची

काळ्या द्राक्षाचा एक मणी दोन बोटांत धरून दाबा. बोटांवर उतरणारा रस जवळजवळ बिनरंगी असतो. निफाडच्या द्राक्षबागेत लहानाचा मोठा झालो, तरी मणी असा निरखून पाहिला तो कॅलिफोर्नियात, घरी पहिल्यांदा रेड वाइन करायला बसलो तेव्हा. रंग सगळा सालीत असतो. पिनो न्वार हे काळं द्राक्ष, तरी त्याची शॅम्पेन पांढरी होते, कारण रस सालींपासून लगेच वेगळा काढतात. रेड वाइन मात्र सालींसकट आंबवायची. सालीतलं हे रंगद्रव्य म्हणजे अँथोसायनिन. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तसा वाइनचा डाग खाण्याच्या सोड्याने निळसर होतो.

आधी कायद्याचं. अमेरिकेत दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर वाइन स्वतःपुरती करता येते. विकता येत नाही. तिची वाफ धरून कडक दारू काढणं मात्र इथेही गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. तेव्हा गावाकडच्या वाचकांनी पुढचं सगळं विज्ञान म्हणून वाचावं.

इथे द्राक्षं ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत येतात. "साखर किती आली?" हा आमच्याकडच्या बागेतला प्रश्न इथेही पहिला. खायच्या द्राक्षाला १८ ब्रिक्स (म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर) पुरते; वाइनला २२ ते २५ लागते. हिशोब सोपा आहे: लिटरभर रसातल्या दर १७ ग्रॅम साखरेमागे साधारण १ टक्का अल्कोहोल. लिटरला २२० ग्रॅम साखर असेल तर वाइन १३ टक्क्यांच्या आसपास जाते. त्याच साखरेतून ५० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइडही निघतो, एका लिटर रसातून! म्हणून आंबणाऱ्या रसाचं झाकण कधीही घट्ट लावू नये, बाटली फुटते. खोलीही हवेशीर हवी.

आठ किलो द्राक्षांची साडेचार-पाच लिटर वाइन होते. देठ काढायचे, मणी हाताने फोडायचे. बिया चिरडायच्या नाहीत, त्यांचा कडवटपणा उतरतो. भांडं खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं, आणि दोन-तृतीयांशच भरायचं. तांबं, लोखंड, अॅल्युमिनियम नको, आम्ल ते खातं.

आता यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने १८७८मध्ये फ्रान्समधल्या आर्बुआच्या आपल्या मळ्यात काही वेली काचघरात झाकल्या आणि त्यांचे घड कापसात गुंडाळले. पिकल्यावर त्या द्राक्षांचा रस आंबलाच नाही. आंबवणारे जीव रसात आपोआप जन्मत नाहीत, बाहेरून सालीवर येतात, हे त्याने दाखवून दिलं. पण सालीवरची बहुतेक जंगली यीस्ट ४-५ टक्के अल्कोहोललाच दम सोडतात. दह्याला चांगलं विरजण लावावं, तसं नवशिक्याने वाइनचं पाकीटबंद यीस्ट घ्यावं. आधी जंगली यीस्ट आणि जिवाणूंना दाबणाऱ्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अगदी चिमूटभर पूड घालून, एक दिवस थांबून, मग कोमट पाण्यात भिजवलेलं यीस्ट सोडायचं.

नवशिक्याची खरी गफलत होते ती हवेच्या बाबतीत. सुरुवातीला यीस्टला हवा हवीच असते. पेशीच्या पटलासाठी लागणारी स्टेरॉलं ऑक्सिजनशिवाय बनत नाहीत आणि तीच अल्कोहोलमध्ये यीस्टला तगवतात. म्हणून पहिले पाच-सात दिवस भांड्यावर फक्त स्वच्छ फडकं. दुसऱ्या दिवशी कान लावला तर तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी बारीक चरचर ऐकू येते. वायू साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर जमतो. दिवसातून दोन-तीनदा लाकडी पळीने तो दाबून बुडवायचा. रंग आणि टॅनिन (सालीतला तुरटपणा) त्यानेच उतरतं, आणि वर कोरड्या पडलेल्या सालींवर व्हिनेगरचे जिवाणू बसत नाहीत.

साखर बहुतेक संपली की हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी, १.०००च्या (पाण्याच्या घनतेच्या) जवळ येतो. फडक्यातून गाळून वाइन काचेच्या बरणीत भरायची आणि पाण्याचा एअरलॉक बसवायचा: वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. इथून पुढे हवा वैरी. लोणच्यावर आपण बोटभर तेल ठेवतो ते ह्याचसाठी. जोर ओसरला की बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी. पहिल्या वर्षी मी ती अर्धवट भरून ठेवली. तीन आठवड्यांनी उघडली तर पृष्ठभागावर पातळ पांढरी साय आणि नेलपॉलिश काढायच्या द्रावाचा वास. वरच्या रिकाम्या जागेतल्या हवेवर जिवाणूंनी अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल केलं होतं, त्यातून पुढे एथिल ॲसिटेट. असं झालं की परत फिरता येत नाही. आता मोठ्या बरणीसोबत एक-दोन छोट्या बाटल्या भरून ठेवतो आणि कमी पडेल तशी भर घालतो.

काहीजण मिथेनॉल ह्या विषारी अल्कोहोलच्या भीतीने घरच्या वाइनला हात लावत नाहीत. द्राक्षातल्या पेक्टिनपासून ते किंचित तयार होतं, पण जीव घेणाऱ्या विषारी दारूत ते बहुधा बाहेरून मिसळलेलं असतं.

हिवाळ्यात गाळ तळाशी बसला की नितळ वाइन नळीने दुसऱ्या बरणीत घ्यायची, पडताना खळखळ न करता. त्याच सुमारास दुसरं किण्वन चालू झालेलं असतं, मला सर्वांत आवडणारं. ओइनोकॉकस ओइनी नावाचा जिवाणू हिरव्या सफरचंदासारखं झोंबणारं मॅलिक आम्ल बदलून लॅक्टिक आम्ल करतो, म्हणजे दह्यातलंच आम्ल. फेब्रुवारीत निफाडहून माल काढणीला आल्याचा फोन येतो, तेव्हा मी इथे चमचाभर वाइन जिभेवर घेऊन पाहतो. ऑक्टोबरमध्ये टाळूला खरवडणारा आंबटपणा बराच मऊ झालेला असतो. तरी बाटल्या भरायला जून उजाडतोच.