बिझनेस आणि कॉर्पोरेट लॉचं शिक्षण (बडोदा)

बिझनेस आणि कॉर्पोरेट लॉचं शिक्षण म्हणजे धंद्यात करार कसे होतात, कंपनी कशी जन्माला येते, तिच्या नावाने सही करायचा अधिकार कुणाला असतो, पैसे अडकले तर कुणाच्या मागे कुठल्या कोर्टात जायचं आणि कंपनीच बुडाली तर उरलंसुरलं कोणत्या क्रमाने वाटायचं, हे सगळं युनिव्हर्सिटीत रीतसर शिकणं. बडोद्यात हे मुख्यतः महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या लॉ फॅकल्टीत शिकता येतं, आसपासच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीतही लॉचे कोर्स आहेत, आणि बी.कॉम. करणाऱ्यांची पण या विषयाशी थोडीफार ओळख होतेच. इथल्या मराठी घरांना वकिली काही नवी नाही, पण पूर्वी वकील म्हटलं की दिवाणी दावे, वाटण्या, भाडेकरूंचे खटले आणि सुरसागरजवळचं न्यायमंदिर एवढंच डोळ्यापुढे यायचं. २०१८ मध्ये जिल्हा कोर्ट दिवाळीपुऱ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये गेलं, आणि आता दांडिया बाजार, रावपुऱ्यातली मुलं-मुली बारावीनंतरच "मला कॉर्पोरेट करायचंय" असं घरी सांगतात, आणि आजी-आजोबांना ते नेमकं काय असतं हे समजावून सांगावं लागतं.

बडोद्यात हा विषय बाहेरून आलेला नाहीये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्रिटिश हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० चा, पण बडोदा संस्थान वेगळं, तिथे ब्रिटिशांचा कंपनी कायदा आपोआप लागू होत नव्हता, म्हणून संस्थानाने १८९७ मध्ये स्वतःचा कंपनी कायदा केला. याच कायद्याखाली २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा उभी राहिली, सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने, दहा लाख रुपयांच्या भरणा झालेल्या भांडवलावर. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, प्रा. गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक ही औषध कंपनी सुरू केली होती. म्हणजे शेअर काढून भांडवल गोळा करणं, संचालक नेमणं, भागधारकांना हिशेब देणं या गोष्टी या गावाने शंभर वर्षांपूर्वीच बघितल्यात. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि युनिव्हर्सिटी पण त्याच वर्षी सुरू झाली.

आता अभ्यासात काय काय येतं. पाया म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, १८७२ चा कायदा, आणि खरं सांगायचं तर ज्याचा कॉन्ट्रॅक्ट पक्का त्याला पुढचं निम्मं आपोआप सुटत जातं. प्रस्ताव, स्वीकार, मोबदला, संमती, मग करार मोडला तर नुकसानभरपाई, यात कलम १०, ७३ आणि ७४ पुन्हा पुन्हा समोर येतात. मोहोरी बीबीची १९०३ ची केस (अल्पवयीन मुलाने केलेला करार मुळातच शून्य) पहिल्याच वर्षी सगळ्यांची पाठ होते. पण मकरपुरा जीआयडीसीतला (सरकारी औद्योगिक वसाहतीतला) एखादा छोटा युनिटवाला पाठवतो तशी खरी पर्चेस ऑर्डर हातात घेऊन तिच्यातल्या अटी वाचल्या की कलम ७४ खरं कळतं, कारण त्यात लिहिलेलं असतं की माल उशिरा आला तर दर आठवड्याला इतके टक्के कापू, आणि प्रश्न असा की लिहिलंय म्हणून तेवढे कापता येतात का? तर नाही, ती रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत कोर्ट वाजवी भरपाई ठरवतं. सेल ऑफ गुड्स (१९३०) आणि पार्टनरशिप (१९३२) हे दोन्ही आधी कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमधलेच भाग होते, नंतर वेगळे कायदे झाले, त्यामुळे ते एकत्रच वाचलेले बरे. चेक बाउन्सचं कलम १३८ मूळ १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात नव्हतं, ते १९८८ च्या दुरुस्तीने आलं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यावर ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, तेही गेले की महिनाभरात फिर्याद, हे आकडे झोपेत पण सांगता आले पाहिजेत.

आणि मग कंपनी लॉ. इथे सगळं एका कल्पनेवर उभंय, कंपनी ही तिच्या मालकांपेक्षा वेगळी व्यक्ती आहे. जगभर ही कल्पना सॉलोमनच्या केसवरून शिकवतात. ॲरन सॉलोमन लंडनमधला चामड्याच्या बुटांचा व्यापारी, त्याने आपला चालता धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला, एकूण २०,००७ शेअर्स, त्यातले २०,००१ त्याचे आणि बाकीचे सहा बायको-मुलांचे एकेक. वर कंपनीकडून दहा हजार पौंडांचे डिबेंचर (कंपनीच्या कर्जाचे रोखे) पण घेतले. धंदा बुडाला तेव्हा ज्यांचे पैसे अडकले ते बाकीचे घेणेकरी म्हणाले की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, याच्याकडूनच वसूल करा, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर १८९६ मध्ये सांगितलं की कायद्याप्रमाणे नोंदलेली कंपनी ही वेगळी व्यक्ती, तिचं कर्ज हे तिचं. निकाल १८९७ च्या रिपोर्टमध्ये छापला गेला, म्हणजे बडोद्याच्या कायद्याचंच वर्ष.

आपल्याकडच्या मुलांना मात्र ही कल्पना बँक ऑफ बडोदावरून शिकवावी असं मला मनापासून वाटतं, कारण या एका बँकेत अख्खा विषय दिसतो. बँक जन्माला आली ती कंपनी म्हणून. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात ही पण होती. रुस्तम कावसजी कूपर हे सेंट्रल बँकेचे डायरेक्टर आणि भागधारक, त्यांच्याकडे बँक ऑफ बडोदाचे पण शेअर्स होते, ते सुप्रीम कोर्टात गेले. सरकारचा पहिला मुद्दा असा की घेतलंय ते कंपनीचं, कंपनी आणि शेअरहोल्डर वेगळे, मग यांच्या हक्काला धक्का कुठे लागला? म्हणजे सॉलोमनची भिंत सरकारने उलट्या बाजूने पुढे केली. फेब्रुवारी १९७० मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या बेंचने दहा विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की सरकारच्या कृतीने कंपनीबरोबर भागधारकाच्या स्वतःच्या हक्कावरही घाला येत असेल तर तो कोर्टात येऊ शकतो, आणि तो कायदा रद्द केला. मग सरकारने त्याच वर्षी नवा कायदा आणला आणि राष्ट्रीयीकरण कायम झालं. त्यामुळे आज बँक ऑफ बडोदा लिस्टेड आहे, तिचे शेअर्स रोज बाजारात विकले जातात, पण ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी नाही, १९७० च्या कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे. तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारला तर भलेभले अडतात. भागधारक आहेत, डिव्हिडंड आहे, संचालक मंडळ आहे, तरी कंपनी नाही, हे ज्याला का ते नीट सांगता आलं त्याला कंपनी म्हणजे काय हे समजलंय असं खुशाल धरावं.

सध्याचा कंपनी कायदा २०१३ चा, ४७० कलमं आणि ७ परिशिष्टं, त्याआधीचा १९५६ चा ६५८ कलमांचा होता. कलमं कमी झाली म्हणून अभ्यास कमी झाला नाही, कारण बरंचसं नियमांमध्ये गेलंय आणि नियम सारखे बदलतात, म्हणून जुनी नोट्स घेऊन बसू नका, आधी तारीख बघा. एकट्याची कंपनी, प्रायव्हेट कंपनीत जास्तीत जास्त २०० सभासद, संचालकांची कर्तव्यं (कलम १६६), संचालक, त्यांचे नातेवाईक अशा संबंधितांशी व्यवहार (कलम १८८), अल्पमतातल्या भागधारकांवर अन्याय झाला तर कलम २४१-२४२, हे गाभ्याचं. सत्यम या आयटी कंपनीच्या चेअरमनने ७ जानेवारी २००९ ला हिशेब खोटे असल्याची कबुली पत्राने दिली आणि त्यानंतर स्वतंत्र संचालक, ऑडिटर यांच्याबद्दल कायदा बराच कडक झाला. सीएसआरचं कलम १३५ (आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करणं) परीक्षेत हमखास येतं, पण वकिलाच्या टेबलावर २४१ चे वाद जास्त येतात, त्यात सख्खे भाऊ-भाऊ पण असतात.

कंपनीचे हे वाद जिल्हा कोर्टात चालत नाहीत, ते एनसीएलटी म्हणजे नॅशनल कंपनी लॉ ट्रिब्युनलकडे जातात, ती १ जून २०१६ पासून सुरू आहे आणि गुजरातचं बेंच अहमदाबादला. रजिस्ट्रार ऑफ कंपनीज पण अहमदाबादलाच, हायकोर्ट पण तिथेच. त्यामुळे बडोद्याच्या विद्यार्थ्याने इंटर्नशिपसाठी सकाळची ट्रेन पकडून अहमदाबादला जायची तयारी ठेवलीच पाहिजे, घरी थोडी कुरकुर होते पण दुसरा इलाज नाही. २०१६ चा इन्सॉल्व्हन्सी कोड (दिवाळखोरीचा कायदा) तिथे बसून जितका कळतो तितका वर्गात कळत नाही. त्याखाली अर्ज करायला थकबाकीची किमान रक्कम आधी एक लाख होती, मार्च २०२० मध्ये ती एक कोटी झाली, आणि त्याने छोट्या पुरवठादारांचा तो रस्ता जवळजवळ बंदच झाला. सेबी, टेकओव्हर, काँपिटिशन ॲक्ट हे पण अभ्यासक्रमात असतं, मुंबईला जायचं असेल तर त्यावर भर द्यावा.

बडोद्यात राहूनच काम करायचं असेल तर मात्र एक कायदा मुळापासून वाचा, तो म्हणजे २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा. मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, सावली, सगळीकडे छोटे युनिट मोठ्या कंपन्यांना माल देतात आणि पेमेंटसाठी थांबून राहतात. कायदा म्हणतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे उधारी नेता येत नाही, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही महिन्या-महिन्याला. पुरवठादार याच कायद्याखाली असे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाऊ शकतो, आणि तिथला निवाडा खरेदीदाराला कोर्टात रद्द करून घ्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इतकं जोरदार हत्यार असून वापरणारे कमी, कारण पुढची ऑर्डर जाईल अशी भीती असते, आणि अशा वेळी पक्षकाराला नेमका सल्ला काय द्यायचा हे कुठल्याच पेपरात येत नाही. त्यासाठी कारखान्यात जाऊन माणसांशी बोलावं लागतं. धंद्यातले वाद चालवणाऱ्या कमर्शियल कोर्टात जायला लागणारी दाव्याची किमान रक्कम २०१८ मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आली, त्यामुळे असे बरेच दावे आता तिकडे जातात, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर दाव्याआधी मेडिएशन सक्तीचं आहे.

कोर्सचं सांगायचं तर पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कंपनी लॉ सगळ्यांनाच सक्तीचा, आणि ऑनर्सला बिझनेस लॉचा वेगळा ग्रुप घेता येतो. इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. बरेच जण बरोबरीने सीएस (कंपनी सेक्रेटरी) करतात आणि ती जोडी खरोखर उपयोगी पडते, मिटिंगची नोटीस, ठराव, मिनिट्स हे लॉ कॉलेजात फारसं लिहून घेत नाहीत, सीएसच्या ट्रेनिंगमध्ये रोज लिहावं लागतं.

भाषेचा ताण मराठी मुलांना जरा जास्तच. घरी मराठी, रस्त्यावर आणि पक्षकाराशी गुजराती, खालच्या कोर्टातले कागद गुजरातीत, पुस्तकं आणि एनसीएलटी पूर्ण इंग्रजीत. गुजराती बोलता येणं वेगळं आणि गुजरातीतला दस्त वाचून त्यातली खोच पकडणं वेगळं, इंग्लिश मिडियममध्ये शिकलेल्यांनी गुजराती वाचनाची सवय पहिल्या वर्षापासूनच लावावी. बेअर ॲक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) वाचताना कलम आधी आपल्या भाषेत कुणाला तरी समजावून सांगावं, मग त्यातला अपवाद, मग केस. गाइडवरून उलटं केलं की केसचं नाव आठवतं आणि कलमातला "परंतु" निसटतो, आणि बहुतेक वेळा सगळा दावा त्या परंतुवरच फिरतो.

पास झाल्यावर गुजरात बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घेता येते, आणि प्रॅक्टिस चालू ठेवायला ऑल इंडिया बार एक्झामिनेशन द्यावी लागते. कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये नोकरी घेतली तर सनद स्थगित ठेवावी लागते, कारण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, नोकरी सोडली की ती परत सुरू करून घेता येते. गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या आर्थिक केंद्रात फंड आणि बँकिंगची लीगल कामं असतात. बडोद्यात रिफायनरी, खत, औषधं, इंजिनीअरिंग अशा कंपन्यांचं करारांचं आणि कंप्लायन्सचं काम असतं, आणि ज्याला जीआयडीसीतल्या छोट्या मालकांची वसुली आणि भागीदारीचे वाद हाताळायचेत त्याला दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात आणि फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे काम मिळतं.