झाडाचा कार्बन झाडाला परत? गाड्यांच्या जैवइंधनामागचा सव्वाशे वर्षांचा हिशोब

जैवइंधनाचा, म्हणजे पिकांपासून किंवा वनस्पतींच्या तेलापासून केलेल्या इंधनाचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक, "झाडाने हवेतनं घेतलेला कार्बनच परत हवेत जातो, म्हणजे शून्य प्रदूषण." आणि दुसरं, "सगळं थोतांड आहे, पेट्रोलपेक्षा वाईट." दोन्ही बाजूंच्या हातात एखादा खरा आकडा असतो आणि तरी वाद मिटत नाही, कारण तो आकडा कधी आला, कुणी कशासाठी काढला, त्यात काय धरलं आणि काय सोडलं, हे मागचं कुणी सांगतच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की हे इंधन हवामान वाचवायला म्हणून जन्मालाच आलं नव्हतं, ते कारण फार उशिरा चिकटलं, आणि चिकटताना हिशोबात एक मोठं भगदाड राहून गेलं.

सुरुवात अगदी साधी आहे. इंजिन नवीन होतं तेव्हा जे जळेल ते घालून बघायचे. १८२६ साली अमेरिकेत सॅम्युअल मोरी नावाच्या माणसाने इंजिन चालवलं ते अल्कोहोल आणि टर्पेंटाइनवर. अल्कोहोल तेव्हा दिव्यातही जळायचं. मग १८६२ ला यादवी युद्धाचा खर्च भागवायला अमेरिकेने दारूवर कर बसवला, आणि प्यायची कुठली न् जाळायची कुठली असा फरकच केला नाही, त्यामुळे जाळायचं अल्कोहोल महाग झालं आणि रॉकेलला रान मोकळं मिळालं. हा कर उठायला १९०६ साल उजाडलं. तोवर खनिज तेलाच्या विहिरी, पाइपलाइन, दुकानं सगळं उभं राहिलं होतं.

डिझेल इंजिनाची गोष्ट तर मला फार आवडते. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीचं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. रुडॉल्फ डिझेलने नंतर लिहिलंय की ते इतकं सुरळीत चाललं की वेगळं तेल घातलंय हे मोजक्याच लोकांना कळलं. कल्पना फ्रेंच सरकारची होती, आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये भुईमूग भरपूर पिकतो, मग तिथे कोळसा आणि तेल बाहेरून न्यायला नको, एवढाच विचार. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापू शकते हे स्वांते अऱ्हेनियसने १८९६ लाच मांडलं होतं, पण त्याचा आणि गाडीच्या टाकीचा संबंध कुणी जोडला नव्हता.

वनस्पतीचं तेल तसंच घातलं की इंजिनात चिकटा होतो, त्यावरचा उपाय बेल्जियममध्ये सापडला, १९३७ चं पेटंट आहे. पाम तेलाची अल्कोहोलबरोबर प्रक्रिया करून ते पातळ करायचं, आणि पुढच्या वर्षी ब्रसेल्स ते लूव्हां बसही त्यावर धावली. हीच आजची बायोडिझेलची रीत. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही ही एकदा करून बघितली होती, वापरलेलं तळणाचं तेल गाळून, कोमट करून, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा. ढवळून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर भांड्यात दोन थर, खाली काकवीसारखं घट्ट तपकिरी ग्लिसरीन आणि वर पिवळं, स्वच्छ, पाण्यासारखं हलणारं इंधन. पहिल्या वेळी तेलात पाणी राहिलं होतं तेव्हा मात्र सगळ्याचा साबण झाला होता. हात लावून बघितलं की या गोष्टीवर विश्वास बसतो, माझा तरी तेव्हाच बसला.

आता एक वाईट वळण सांगायलाच हवं. १९२० च्या आसपास इंजिनांना ठोके बसायचा, म्हणजे नॉकिंगचा, त्रास होता. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं की ठोके थांबतात हे तेव्हाच्या इंजिनिअर लोकांना ठाऊक होतं. पण १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला शिशाचं एक संयुग सापडलं, अगदी थोडं घातलं तरी पुरायचं आणि त्याचं पेटंटही घेता यायचं. १९२३ पासून शिसं घातलेलं पेट्रोल विकायला लागले. शिसं विषारी हे माहीत असून! ते जगातल्या सगळ्या गाड्यांच्या पेट्रोलमधून जायला २०२१ साल लागलं, शेवटचा देश अल्जीरिया. जवळजवळ शंभर वर्षं मुलांच्या रक्तात शिसं गेलं आणि पर्याय पहिल्या दिवसापासून समोर होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

खरा मोठा प्रयोग केला ब्राझीलने. तिथे १९३१ पासूनच बाहेरून येणाऱ्या पेट्रोलमध्ये ५ टक्के अल्कोहोल घालायचा नियम होता, साखर जास्त झाली की तिचं काय करायचं हा प्रश्न होता म्हणून. मग १९७३ चा तेलाचा भडका, काही महिन्यांत भाव तीन डॉलरवरून बाराच्या घरात, आणि ब्राझीलचं बहुतेक तेल आयातीचं. १४ नोव्हेंबर १९७५ ला प्रोअल्कोल नावाची सरकारी योजना आली, १९७९ ला फक्त अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तर तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या नऊ अल्कोहोलच्या होत्या. पण १९८६ ला तेल कोसळलं, साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ च्या सुमारास पंपावर अल्कोहोलच मिळेना. लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. तो परत आला २००३ ला, जेव्हा कुठल्याही प्रमाणात पेट्रोल-अल्कोहोल चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आल्या.

अमेरिकेतही १९७८ ला १० टक्के इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, मिसळलेल्या पेट्रोलवर करसवलत दिली ती तेलाच्या टंचाईपायी आणि मक्याच्या शेतकऱ्यांसाठी. नंतर १९९० च्या कायद्याने शहरांतला धूर कमी करायला पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असलेलं काहीतरी घालायला लावलं, त्यासाठी वापरलेलं एमटीबीई नावाचं रसायन विहिरींच्या पाण्यात उतरलं आणि जागा इथेनॉलला मिळाली.

म्हणजे बघा, १९९० पर्यंतची सगळी कारणं काय? उरलेला शेतमाल, आयात तेलाची धास्ती, इंजिनाचे ठोके, शहरातला धूर. हवामान कुठेच नाही. ते आलं १९९२ च्या रिओ परिषदेनंतर, आणि हरितगृह वायू कमी करायच्या १९९७ च्या क्योटो करारानंतर तर जोरात. गाड्या, ट्रक, विमानं, जहाजं मिळून जगाच्या हरितगृह वायूंपैकी साधारण १५ टक्के, आणि कारखान्याच्या चिमणीसारखं एका जागी धरता येतील असे ते नाहीत, तेव्हा आहे त्याच इंजिनात चालणारं इंधन म्हणजे सगळ्यांनाच सोयीचं उत्तर वाटलं.

तो "शून्य"वाला हिशोब एकदा हाताने करून बघा, चुकीचा अजिबात नाहीये. उसाने किंवा मक्याने १८० ग्रॅम ग्लुकोज तयार करताना हवेतून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतला. यीस्टने ते ग्लुकोज आंबवलं की ९२ ग्रॅम इथेनॉल मिळतं आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तिथेच टाकीतून बुडबुड्यांनी निघून जातो. ते ९२ ग्रॅम इथेनॉल गाडीत जाळलं की १७६ ग्रॅम. १७६ अधिक ८८, बरोब्बर २६४. घेतलं तेवढंच दिलं.

पण यात काय काय नाही ते बघा. शेतातला युरिया नाही, तो बनवायला लागणारा गॅस नाही. ट्रॅक्टरचं डिझेल नाही. आंबवलेल्या रसात अल्कोहोल जेमतेम १०-१५ टक्के असतं, बाकी मुख्यतः पाणी, ते उकळून उकळून वेगळं करायचं आणि तरी ९५-९६ टक्क्यांना गाडी अडते, शेवटचं पाणी काढायला वेगळी चाळणी लागते, त्या सगळ्या वाफेचा बॉयलर यात नाही. उसाचं बरं असतं, चिपाडंच बॉयलरमध्ये जातात आणि वर वीजही निघते. मक्याच्या कारखान्यात नैसर्गिक गॅस जळतो, पूर्वी कित्येक ठिकाणी कोळसा. म्हणून एकाच नावाचं इथेनॉल असून उसाचं आणि मक्याचं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि खताचं आणखी एक आहे. शेतात टाकलेल्या नायट्रोजनचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, हा वायू किलोला किलो धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटीहून जास्त तापवतो. ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेल्या पॉल क्रुत्झेन यांनी २००७-०८ मध्ये मांडलं की हा भाग साधारण १ टक्का धरतात तो ३ ते ५ टक्के असावा, आणि तसं असेल तर काही पिकांची सगळी बचत यातच संपते.

तरीही सरकारं घाईत होती. युरोपने २००३ ला लक्ष्य ठेवलं, २०१० पर्यंत वाहतुकीच्या इंधनात ५.७५ टक्के जैवइंधन. अमेरिकेने २००७ च्या कायद्यात २०२२ पर्यंत वर्षाला ३६ अब्ज गॅलन जैवइंधन असा प्रचंड आकडा लिहिला. त्याच सुमारास जगभर धान्य महागलं, मेक्सिकोत जानेवारी २००७ ला टॉर्टियाच्या भावावरून लोक रस्त्यावर उतरले. त्याला एकटं इथेनॉल जबाबदार नव्हतं, खनिज तेलाचे भाव आणि दुष्काळ हेही होतं, पण टाकी विरुद्ध ताट हा वाद तेव्हापासून कायमचा चिकटला.

फेब्रुवारी २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात दोन अभ्यास आले आणि सगळं चित्र पालटलं. एक जोसेफ फार्जिओन आणि सहकाऱ्यांचा. जंगल, गवताळ रान किंवा पीटची दलदल मोडून इंधनाचं पीक घेतलं तर आधी जमिनीतला आणि झाडांतला साठलेला कार्बन सुटतो, ते कर्ज इंधनाच्या बचतीतून फेडायला ब्राझीलच्या सेराडो या गवताळ प्रदेशातल्या उसाला १७ वर्षं, आणि इंडोनेशिया-मलेशियातल्या पीटवरच्या पामतेलाला ४०० हून जास्त वर्षं! पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साचलेला पालापाचोळा, तेलताड लावायला चर खणून पाणी काढलं की त्याला हवा लागते आणि तो कुजत, कधी जळत, वर्षानुवर्षं कार्बन सोडत राहतो.

दुसरा टिमथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांचा, आणि तो पचायला जास्त अवघड. त्यांचं म्हणणं, जंगल तुम्ही तोडायचीही गरज नाही. एका शेतकऱ्याने सोयाबीन सोडून इथेनॉलसाठी मका लावला, सोयाबीनचा भाव वाढला, दुसऱ्या खंडात कुणीतरी कुरण नांगरून सोयाबीन लावलं, कुरणातली गुरं जंगलाकडे सरकली. यातला कुणीच कुणाला ओळखत नाही आणि कुणीच काही गैर केलेलं नाही. हे धरलं तर मक्याचं इथेनॉल ३० वर्षांच्या हिशोबात पेट्रोलच्या जवळपास दुप्पट वायू सोडतं असं त्यांनी काढलं.

आता गंमत अशी की ही साखळी डोळ्यांनी दिसत नाही, ती मॉडेलमधूनच काढावी लागते. त्यामुळे आकडे हलतात. कॅलिफोर्नियाने मक्याच्या इथेनॉलवर या अप्रत्यक्ष जमीनबदलापोटी आधी इंधनातल्या दर मेगाज्यूल ऊर्जेला ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लावला, २०१५ ला तोच १९.८ केला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१० ला सांगितलं की गॅसवर चालणाऱ्या नव्या कारखान्यातलं मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा साधारण २१ टक्के चांगलं, आणि २०२२ ला टायलर लार्क आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष जमिनीतले बदल तपासून सांगितलं की ते पेट्रोलपेक्षा चांगलं नाहीच, कदाचित २४ टक्के तरी वाईट. सुरुवातीला म्हटलं ना, वाद घालणाऱ्या दोघांच्याही हातात खरा आकडा असतो, ते हेच आकडे.

आणि ते भगदाड? देशांचे हिशोब ठेवायच्या नियमात झाडपाला जाळल्याचा कार्बन इंधनाच्या वहीत शून्य धरतात, कारण झाड तोडलं तेव्हाच तो जमिनीच्या वहीत लिहिला असणार असं गृहीत आहे. दोन्ही वह्या सगळीकडे नीट असत्या तर यात काहीच चूक नव्हती. पण क्योटोत बंधन फक्त श्रीमंत देशांवर होतं. म्हणजे पामतेलाचं इंधन जाळलं युरोपात, तिथे शून्य, आणि जंगल गेलं जिथे मर्यादाच नाही तिथे. दोन्हीकडून सुटलं.

यावर उपाय म्हणून अन्नाच्या पिकाला हात न लावता इंधन, अशी दुसरी पिढी पुढे आली. पडीक जमिनीवर मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, लावायची लाट आशिया-आफ्रिकेत आली आणि ओसरली, कारण पडीक जमिनीत झाड जगतं पण बियाही पडीकच देतं. मक्याच्या धाटापासून इथेनॉलचे मोठे कारखाने अमेरिकेत २०१४-१५ ला सुरू झाले आणि दोनतीन वर्षांत बंद पडू लागले. १६ अब्ज गॅलन याच प्रकारचं इंधन २०२२ पर्यंत येईल असं त्या कायद्यात लिहिलं होतं, त्याच्या जवळपासही कुणी पोचलं नाही. चिवट धाटं बारीक करून, एन्झाइमने फोडून, त्यातली साखर काढणं कागदावर सोपं आहे, पण धाटासोबत माती-खडे येतात, यंत्रं झिजतात, गंजी पेटतात.

युरोपने मग खाद्यपिकांच्या इंधनाला ७ टक्क्यांची मर्यादा घातली आणि पामतेलाचं इंधन २०३० पर्यंत लक्ष्यातून काढायचं ठरवलं. इंडोनेशिया मात्र उलट दिशेने गेला, डिझेलमध्ये २०२० ला ३० टक्के आणि २०२५ ला ४० टक्के पामतेलाचं बायोडिझेल. आज जगाच्या वाहतुकीच्या ऊर्जेत जैवइंधनाचा वाटा सगळा मिळून सुमारे ४ टक्के. छोट्या गाड्या विजेकडे चालल्यात, त्यामुळे डोळे लागलेत विमानांकडे, कारण लांबच्या विमानाला बॅटरी परवडत नाही. युरोपात २०२५ पासून विमान इंधनात २ टक्के शाश्वत इंधन सक्तीचं आहे, २०५० ला ७० टक्के.

त्यासाठी सध्या सगळ्यात जास्त मागणी आहे वापरलेल्या तळणाच्या तेलाला. टाकाऊ माल, नवी जमीन नाही, खत नाही, मलाही हा मार्ग मनापासून पटतो. पण मागणी इतकी वाढलीय की ताजं पामतेलच वापरलेलं म्हणून खपवतात की काय अशी शंका युरोपात उघड बोलली जाते. इंधनातला कार्बन झाडाचा की खनिज तेलाचा हे प्रयोगशाळेत कार्बन-१४ मोजून पक्कं कळतं, लाखो वर्षं जुन्या तेलात तो शिल्लकच नसतो. मात्र ते झाड कुठल्या जमिनीवर होतं, तिथे आधी काय होतं, आणि तेल कढईतून आलं की थेट घाण्यातून, हे त्या चाचणीत येत नाही. ते अजूनही टँकरबरोबरच्या कागदांवरूनच ठरतं.